टेम्पल ऑफ द डॉग: मित्र गेला म्हणून उभा राहिलेला बँड

परवा पुण्याहून मुंबईला येताना भाच्याने गाडीत एक गाणं लावलं आणि थोड्या वेळाने विचारलं, "मामा, हे पर्ल जॅमचं ना? मग हा दुसरा कोण गातोय वरच्या पट्टीत?" पर्ल जॅम म्हणजे नव्वदच्या दशकातला गाजलेला अमेरिकन रॉक बँड, आणि गाणं होतं 'हंगर स्ट्राइक'. म्हटलं पर्ल जॅमचं नाही रे, टेम्पल ऑफ द डॉगचं. "हा कुठला बँड?" एक गायक मित्र गेला, त्याच्या आठवणीत बाकीच्यांनी केलेला बँड. "अच्छा, म्हणजे ट्रिब्यूट बँड." मी हो म्हणालो आणि लगेच म्हणालो की नाही रे, तसा नाही, आणि मग घाट उतरेपर्यंत मीच बोलत होतो. तेच इथे जरा नीट लिहून काढतोय, कारण हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, आणि हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे.

आधी तो शब्द बघू. ट्रिब्यूट बँड म्हटलं की साधारण डोळ्यांसमोर येतात ते एखाद्या मोठ्या बँडची गाणी जशीच्या तशी वाजवणारे लोक. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात 'व्हॉइस ऑफ किशोर', 'व्हॉइस ऑफ मुकेश' असतात ना, तसंच, फक्त इथे अख्खा बँडच नक्कल करतो, गिटारचा आवाज तोच, टेम्पो तोच, कपडे पण तसेच. कव्हर बँड वेगळा, तो आज याचं गाणं वाजवतो उद्या त्याचं. ट्रिब्यूटवाला एकाच कलाकाराला वाहून घेतो. हा झाला एक अर्थ. दुसरा अर्थ जुना आणि सरळ आहे, माणूस गेला, त्याच्या माणसांनी त्याच्यासाठी काहीतरी केलं. टेम्पल ऑफ द डॉग या दुसऱ्या अर्थाने ट्रिब्यूट आहे, आणि तो कसा झाला हे कळायला १९९० सालच्या सिएटलमध्ये जावं लागतं.

सिएटल म्हणजे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं शहर, पाऊस, ढग, बंदर. ऐंशीच्या दशकात मोठे म्युझिकवाले होते लॉस एंजेलिसला नाहीतर न्यूयॉर्कला, सिएटलकडे कोणी फारसं बघत नव्हतं, त्यामुळे तिथली पोरं आपापसातच वाजवायची. पंकचा राग आणि हेवी मेटलचं वजन एकत्र करून, गिटार मुद्दाम घाणेरडी, खरखरीत ठेवून जो आवाज तयार झाला त्याला पुढे ग्रंज म्हणायला लागले. आणि शहरातला हा गट एवढा लहान की सगळे सगळ्यांना ओळखायचे, एक बँड मोडला की त्याच्यातून दोन नवीन निघायचे. ग्रीन रिव्हर नावाचा १९८४ चा बँड घ्या, तो मोडल्यावर एका बाजूने मडहनी झाला, दुसऱ्या बाजूने गिटारिस्ट स्टोन गोसार्ड आणि बेसिस्ट जेफ अमेंट यांनी मदर लव्ह बोन काढला. या मदर लव्ह बोनचा गायक म्हणजे अँड्र्यू वुड. आपल्या गोष्टीतला गेलेला मित्र तो हा.

अँडी वुड मला कायम ग्रंजच्या फोटोत चुकून आल्यासारखा वाटतो. बाकीचे फ्लॅनेलचे शर्ट घालून खाली मान घालून वाजवतायत आणि हा तोंडाला रंग फासून, चकचकीत कपडे घालून, फ्रेडी मर्क्युरी आणि मार्क बोलान यांच्यासारख्या झगमगीत रॉक गायकांच्या थाटात स्टेजवर येतोय. १९८० मध्ये भाऊ केव्हिनबरोबर त्याने मॅल्फंक्शन नावाचा बँड सुरू केला होता तेव्हा तो शाळकरी पोरगा होता, आणि तेव्हाच्या मेटल बँड्सचं ते सैतानाचं ६६६ चाललेलं असायचं त्याला उत्तर म्हणून यांनी स्वतःचा आकडा काढला ३३३, प्रेमाचं रॉक म्हणून. स्टेजवरचं नाव ठेवलं होतं 'लँड्र्यू द लव्ह चाइल्ड'. छोट्याशा क्लबात मूठभर लोक असले तरी तो अख्खं स्टेडियम भरलंय अशा आवेशात प्रेक्षकांशी बोलायचा. मला याच्यात भाबडेपणा दिसतो आणि तो फार सुंदर भाबडेपणा आहे, त्याला खरोखर रॉकस्टार व्हायचं होतं आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

आणि होत पण आलं होतं. मदर लव्ह बोनला मोठ्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, १९८९ मध्ये ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, आली, पूर्ण अल्बम 'ॲपल' तयार होऊन मार्च १९९० च्या शेवटी यायचा होता. पण अँडीला हेरॉइनचं व्यसन होतं. १९८९ मध्ये तो स्वतःहून उपचारांना गेला होता, काही महिने दूर राहिला होता. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, सवय असताना शरीर जेवढा डोस सहन करतं तेवढा ते काही महिने सोडल्यावर सहन करत नाही, सहनशक्ती खाली आलेली असते, म्हणून व्यसन सोडून परत एकदाच घेतलेला जुना डोस जीवघेणा ठरतो, असं कितीतरी लोकांचं झालंय. १६ मार्च १९९० ला अँडी बेशुद्ध सापडला, तीन दिवस हार्बरव्ह्यू हॉस्पिटलमध्ये मशीनवर होता, १९ मार्चला ती मशीन काढली. वय २४. अल्बम जुलैमध्ये आला, तो गेल्यावर.

अँडीचा एक जुना रूममेट होता, क्रिस कॉर्नेल, साउंडगार्डनचा गायक. दोघं एका घरात राहायचे, आपापल्या खोलीत गाणी रेकॉर्ड करून एकमेकांना ऐकवायचे. अँडी गेला त्यानंतर काही दिवसांतच कॉर्नेलला साउंडगार्डनबरोबर युरोपच्या टूरवर जावं लागलं. आता हे डोळ्यांसमोर आणा, मित्राचा शोक धड करायलाही वेळ नाही, रोज नवीन शहर, नवीन हॉटेल, आणि ज्यांच्याशी अँडीबद्दल बोलता येईल ती माणसं समुद्रापलीकडे. त्या दिवसांत त्याने दोन गाणी लिहिली, 'से हॅलो टू हेवन' आणि 'रीच डाउन'. दोन्ही अँडीबद्दल. परत आल्यावर लक्षात आलं की ही साउंडगार्डनची गाणी नाहीत, साउंडगार्डन खूप जड, वाकडातिकडा बँड होता आणि ही गाणी संथ, मोकळी, जवळजवळ प्रार्थनेसारखी. मग ती वाजवणार कोण? तर जे अँडीबरोबर वाजवत होते ते. कॉर्नेलने गोसार्ड आणि अमेंटला विचारलं.

या दोघांची अवस्था काय असेल बघा. गायक गेला, बँड संपला, वर्षानुवर्षं ज्यासाठी धडपड केली ते अगदी दारापर्यंत येऊन थांबलं. गोसार्ड आपल्या लहानपणच्या मित्राबरोबर, माइक मॅक्रेडीबरोबर, नवीन काहीतरी वाजवायला लागला होता, मॅक्रेडी पण यात आला. ड्रमला साउंडगार्डनचा मॅट कॅमरन. नाव घेतलं अँडीच्याच एका गाण्यातून, त्याच्या एका ओळीतले हे शब्द आहेत, टेम्पल ऑफ द डॉग. म्हणजे ज्याच्यासाठी बँड केला त्याच्याच तोंडचं नाव बँडला दिलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. सुरुवातीला विषय निघाला होता की अँडीने घरी एकट्याने रेकॉर्ड करून ठेवलेली त्याची गाणी आपण वाजवूया. साहजिक आहे, ट्रिब्यूट म्हटलं की हेच पहिलं सुचतं. पण त्यांनी तो विचार लगेच सोडून दिला, कारण घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना असं वाटलं असतं की हे त्याच्या गाण्यांवर आपली पोळी भाजून घेतायत. त्यामुळे त्या अल्बमवर अँडी वुडचं एकही गाणं नाही. दहा गाणी आहेत, सगळे शब्द कॉर्नेलचे, सात गाण्यांचं संगीतही त्याचंच, तीन गाण्यांचं संगीत बाकीच्यांचं. थेट अँडीवर आहेत ती सुरुवातीची दोनच. बाकीच्या आठांमध्ये अँडीचं नाव नाही, पण ती गाणी एका खोलीत जमून वाजवायचं कारण तो आहे. सुतक असलेल्या घरात माणसं येऊन बसतात, सगळा वेळ काही गेलेल्याबद्दलच बोलत नाहीत, कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या पोरांचं निघतं, तरी तिथे का जमलोय हे प्रत्येकाला माहीत असतं. मला तो अल्बम नेहमी तसा ऐकू येतो.

रेकॉर्डिंग झालं १९९० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत, फक्त १५ दिवसांत. प्रोड्युसर होता रिक पराशर, आडनाव वाचून आपण थबकतोच. त्याने आणि त्याचा भाऊ राज याने १९८५ मध्ये हा स्टुडिओ काढला होता, आणि टेम्पलनंतर लगेच १९९१ मध्ये पर्ल जॅमचा पहिला अल्बम पण तिथेच, त्याच्याच हाताखाली झाला. टेम्पलच्या अल्बमवर पियानो पण त्याने वाजवलाय. २०१४ मध्ये तो गेला. ग्रंजबद्दल बोलताना त्याचं नाव पटकन कोणी घेत नाही याची मला खंत आहे, कारण त्या रेकॉर्डिंगमध्ये जो हवेशीरपणा आहे, ड्रमचा आवाज खोलीत फिरतोय असं वाटतं, तो आपोआप येत नाही.

कंपनीचं प्रेशर नव्हतं, कारण कोणाला याच्यातून काही अपेक्षाच नव्हती. म्हणून 'रीच डाउन' अकरा मिनिटांचं होऊ शकलं. त्यातला मॅक्रेडीचा गिटार सोलो ऐकाच, तोपर्यंत त्या पोराला कोणी नीट ओळखत नव्हतं, कॉर्नेलने त्याला सांगितलं मोकळा सोड स्वतःला, आणि तो असा वाजवत सुटला की मध्येच कानावरचा हेडफोन निसटला तरी थांबला नाही.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आता. गोसार्ड, अमेंट, मॅक्रेडी गायक शोधत होते, त्यांची डेमो कॅसेट फिरत फिरत सॅन डिएगोला एका पोराकडे गेली, एडी व्हेडर, त्याने त्या ट्यूनवर शब्द लिहिले, गाऊन टेप परत पाठवली, आणि ऑक्टोबर १९९० मध्ये तो सिएटलला आला. शहरात नवखा, लाजाळू, आणि आलाय तो एका गेलेल्या गायकाच्या रिकाम्या जागेवर. टेम्पलची रिहर्सल संपली की त्यांच्या नव्या बँडची, म्हणजे जो पुढे पर्ल जॅम झाला त्याची, रिहर्सल असायची, म्हणून तो कोपऱ्यात बसून वाट बघायचा. कॉर्नेलकडे एक अर्धवट गाणं होतं, एकच कडवं, दहा गाणी व्हावीत म्हणून भरतीला घेतलेलं. ते कडवं खालच्या पट्टीत पण गायचं आणि वर पण चढवायचं, ते एकट्याला जमत नव्हतं, ओढाताण होत होती. व्हेडर उठला, माइकपाशी आला आणि खालचा भाग गायला. त्याचा आवाज मुळातच खर्जाचा. कॉर्नेलच्या लक्षात आलं की झालं, गाणं पूर्ण झालं. एकच कडवं दोन वेळा, एकदा एडीच्या खालच्या आवाजात, एकदा क्रिसच्या वरच्या, आणि मग दोघं एकमेकांवर. भरतीचं गाणं अल्बमचं सगळ्यात मोठं गाणं ठरलं. व्हेडरचा आवाज ठळकपणे रेकॉर्डवर आला तो इथे पहिल्यांदा, आणि मुख्य म्हणजे त्याला त्या शहराने आपलं म्हटलं ते इथे.

यावरून अजून एक गंमत सांगतो. गोसार्डची एकच ट्यून कॉर्नेलकडे पण होती आणि व्हेडरला गेलेल्या कॅसेटमध्ये पण. दोघांनी वेगवेगळे शब्द लिहिले. म्हणून टेम्पलचं 'टाइम्स ऑफ ट्रबल' आणि पर्ल जॅमचं 'फुटस्टेप्स' ही एकाच चालीची दोन गाणी आहेत. एकामागून एक लावून बघा.

अल्बम आला १६ एप्रिल १९९१ ला. समीक्षकांना आवडला, सुरुवातीला अमेरिकेत साधारण ७० हजार प्रती खपल्या आणि विषय संपल्यासारखा झाला. मग ऑगस्टमध्ये पर्ल जॅमचा 'टेन' आला, सप्टेंबरमध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड', ऑक्टोबरमध्ये साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर', आणि वर्षभरात अख्खं जग सिएटलकडे बघायला लागलं. तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की अरे आपल्या कपाटात पर्ल जॅम आणि साउंडगार्डन एकत्र असलेला अल्बम पडलाय. १९९२ मध्ये तो पुन्हा पुढे केला, डिस्कव्हरी पार्कमध्ये शूट केलेला 'हंगर स्ट्राइक'चा व्हिडिओ टीव्हीवर सारखा लागायला लागला, अल्बम बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीवर, पाचव्या नंबरपर्यंत गेला आणि दहा लाखांच्या वर खपला. यावर कोणी म्हणेल, शेवटी पैसा झालाच ना मित्राच्या नावावर. मला तसं वाटत नाही. कोणाला काही माहीत नसताना, मिळण्यासारखं काही नसताना त्यांनी ते केलं होतं, पुढे काय झालं ते त्यांच्या हातात नव्हतं.

आता पहिल्या प्रकारच्या, म्हणजे हुबेहूब वाजवणाऱ्या ट्रिब्यूट बँड्सबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्यांना कमी लेखणारे लोक मला आवडत नाहीत. जगभर असे बँड आहेत, आणि ग्रंजच्या गायकांचं काम अवघड आहे. सिएटलच्याच ॲलिस इन चेन्स या बँडची गाणी घेतली तर तिथे एक आवाज पुरतच नाही, लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल हे दोघं एकमेकांपासून ठरावीक अंतर ठेवून एकत्र गायचे, तो दुपदरी आवाज हीच ओळख, म्हणून दोन गायक लागतात आणि दोघांनी एका श्वासात शब्द सोडावे लागतात. कॉर्नेलची गाणी घेतली तर आवाज चार सप्तकांत फिरणारा, बरेच जण पट्टी खाली आणून गातात आणि मग गाण्यातली ती ताणलेली तार सैल पडते. शिवाय साउंडगार्डनचे ताल, चारच्या ऐवजी सात मात्रांचे, पाय ठेवायला जावं तर जमीन सरकलेली. गिटारची सगळ्यात जाड तार एक सूर खाली उतरवतात, ड्रॉप डी म्हणतात त्याला, त्याने एका बोटाने जाड कॉर्ड धरता येते आणि तो गडगडाट येतो. हे सगळं कानाने शिकून, दिवसा नोकरी करून, रात्री शंभर लोकांपुढे वाजवणं म्हणजे प्रेमच आहे.

कायद्याचं विचाराल तर गाण्याला दोन वेगळे हक्क असतात, एक लिहिलेल्या गाण्याचा आणि एक रेकॉर्डिंगचा. लाइव्ह वाजवताना रेकॉर्डिंग वापरत नाही, म्हणून फक्त पहिला लागतो, आणि तो साधारणपणे हॉल किंवा कार्यक्रमवाला घेतो, अमेरिकेत ॲस्कॅप, बीएमआय अशा संस्थांकडून, आपल्याकडे आयपीआरएसकडून. तो पैसा गीतकार-संगीतकाराला जातो. म्हणजे नुसता गाणारा, ज्याने गाणं लिहिलेलं नाही, त्याच्या ट्रिब्यूटच्या शोमधून त्याच्या घरच्यांना काही मिळेलच असं नाही. एवढं कळलं तरी पुरे.

तर पुन्हा टेम्पलकडे. हे लोक तेव्हा टूरवर गेलेच नाहीत. १३ नोव्हेंबर १९९० ला सिएटलच्या ऑफ रॅम्प क्लबमध्ये एक शो, असे मोजके प्रसंग, आणि मग प्रत्येकाचा स्वतःचा बँड एवढा मोठा झाला की वेळच राहिला नाही. कॅमरन तर १९९८ पासून बरीच वर्षं पर्ल जॅमचाच ड्रमर होता. मध्ये २०११ मध्ये पर्ल जॅमच्या वीस वर्षांच्या सोहळ्यात, विस्कॉन्सिनला, सगळे एकत्र स्टेजवर आले. आणि मग २०१६ मध्ये, अल्बमला २५ वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा टूर काढली, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि शेवट सिएटल. व्हेडर त्या टूरवर नव्हता, त्याचा 'हंगर स्ट्राइक'मधला भाग प्रेक्षक गायचे.

आणि त्या टूरवर त्यांनी अँडीची गाणी वाजवली. मदर लव्ह बोनची गाणी, कॉर्नेलच्या आवाजात. १९९० मध्ये जे करायला धजावले नव्हते ते २५ वर्षांनी केलं, कारण आता कोणी पोळी भाजण्याची शंका घेणार नव्हतं, मधली सगळी वर्षं साक्षीला होती. शेवटचे दोन शो झाले सिएटलच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये. अँडीची शोकसभा झाली होती, २४ मार्च १९९० ला, ती याच थिएटरमध्ये. मी त्या शोचे प्रेक्षकांनी काढलेले व्हिडिओ बघतो तेव्हा कॉर्नेलच्या चेहऱ्याकडे बघत राहतो.

सहा महिन्यांनी, १८ मे २०१७ ला, डेट्रॉइटमधला साउंडगार्डनचा शो संपल्यावर त्याच रात्री कॉर्नेल गेला. ५२ वर्षांचा होता.

१६ जानेवारी २०१९ ला लॉस एंजेलिसच्या द फोरममध्ये त्याच्यासाठी मोठी मैफल झाली, टेम्पल २०१६ मध्ये जिथे वाजवून गेला होता तोच हा हॉल. टेम्पलमधले लोक स्टेजवर आले आणि 'से हॅलो टू हेवन' सुरू केलं, गायला पॉप गायिका मायली सायरस होती. अँडीसाठी युरोपच्या टूरवर एकट्याने लिहिलेलं ते गाणं, त्याच वादकांच्या हातून, आता लिहिणाऱ्यासाठी वाजत होतं. मायली काय गाणार असं मला आधी वाटलं होतं, पण तिने त्या वरच्या जागा पूर्ण छातीने घेतल्या, कॉर्नेलसारखं गायचा प्रयत्न न करता.

पनवेल आलं तेव्हा भाचा म्हणाला की आता सुरुवातीपासून अल्बम लाव. मी लावला नाही. म्हटलं आधी 'ॲपल' ऐकू, मदर लव्ह बोनचा, अँडी वुड कोण होता ते कानाला कळू दे, मग टेम्पल. वाशीचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत अँडी गात होता आणि भाचा मध्ये एकदाही बोलला नाही.